चौथीनंतरची वाट : रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासातील एक धागा

संस्थेच्या इतिहासाचा लेख म्हटला की स्थापनेची तिथी, संस्थापकांचे चरित्र, शाखांची वाढती संख्या आणि इमारतींच्या उद्घाटनाचे सोहळे यांचा क्रम लावावा, अशी आपल्याकडील स्मरणिकांची परंपरा आहे. आणि रयत शिक्षण संस्थेच्या बाबतीत तो क्रम इतक्या वेळा व इतक्या आदराने लावला गेला आहे की त्याची पुनरुक्ती करण्यात वाचकाच्या पदरी फारसे काही पडणार नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एकच प्रश्न हाती घेऊन त्याच्या अनुषंगाने संस्थेच्या वाटचालीकडे पाहावे असे योजिले आहे. खेड्यातील मुलाची मराठी चौथी इयत्ता पुरी झाली, तर पुढे त्याने कोठे जावे, हा तो प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे संस्थेने पहिल्या चाळीस वर्षांत जे जे केले, ते बहुतेक सारे याच प्रश्नाचे निरनिराळ्या मार्गांनी दिलेले उत्तर आहे.

आजच्या वाचकास त्या काळच्या शाळेची रचना थोडी समजावून सांगणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यात मराठी शाळेच्या सात इयत्ता असत. चौथीनंतर दोन वाटा फुटत. ज्याच्या घरी ऐपत असे तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन इंग्रजी पहिलीत बसे व मॅट्रिकच्या दिशेने चालू लागे. ज्याची ऐपत नसे, पण शिकण्याची इच्छा असे, त्याने मराठी पाचवी, सहावी, सातवी करून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यावी, ही दुसरी वाट होती. या परीक्षेला खेड्यात फार मोठी प्रतिष्ठा होती. कारण ती उतरलेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठ्याच्या दप्तरात बसू शके, सोसायटीचे हिशेब लिहू शके, आणि सावकाराने पुढे केलेल्या खताखाली अंगठा उठविण्यापूर्वी ते स्वतः वाचून पाहू शके. परंतु ज्या शाळेत ही सातवी शिकावयाची ती पूर्ण शाळा बाजाराच्या मोठ्या गावी असे. लहान गावातील शाळा, जेथे ती होती तेथे, बहुधा एकशिक्षकी असे. देवळाच्या ओवरीत नाही तर चावडीच्या पडवीत भरे. आणि चौथीला, पुष्कळ ठिकाणी त्याही आधी, संपे.

ही चौथी संपते तेव्हा मूल दहा-अकरा वर्षांचे असते. शेतकऱ्याच्या घरात याच वयात मुलाच्या हाताला किंमत येते. गुरे वळणे, मोटेवर बैल हाकणे, पाखरे राखणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, या कामांना दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पुरेशी असते. म्हणजे शाळेने ज्या क्षणी मुलाला अधिक दूर बोलवावे, नेमक्या त्याच क्षणी घर त्याला अधिक जवळ ओढीत असे. सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर ‘दूर’ या शब्दात काय सामावलेले आहे ते कळेल. कृष्णाकाठची गावे सोडली, तर पश्चिमेस जावळी आणि पाटणच्या डोंगरांतील वाड्या पावसाळ्याचे चार महिने ओढ्यांनी एकमेकींपासून तोडल्या जात, आणि पूर्वेस माण-खटावच्या माळावर एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाटेत सावलीला झाड मिळणेही दुर्मीळ. तीन-चार कोसांवरच्या शाळेत रोज जाऊन येणे दहा वर्षांच्या पायांना शक्य नव्हते. आणि तेथे राहावयाचे तर कोणाच्या घरी, आणि कोणाच्या पंक्तीला, हा प्रश्न जातीच्या उतरंडीमुळे आणखी बिकट होत असे. गावातील ब्राह्मणाच्या मुलाला शहरात वारावर जेवण्याची सोय होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला ती नव्हती.

या परिस्थितीची जाणीव आधीच्या पिढीतील विचारवंतांना नव्हती असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात, सरकारच्या तिजोरीत भर घालणारी रयत आणि त्या तिजोरीतून उच्च शिक्षण घेणारे वर्ग यांतील विषमता स्पष्ट मांडली होती, बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सुचविले होते, आणि खेड्यातील शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून यावेत, ज्यांना नांगर धरण्यात कमीपणा वाटत नाही असे असावेत, असा आग्रह धरला होता. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. ते पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचा व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली झालेला कायदा म्युनिसिपालट्यांपुरता होता, आणि जिल्हा लोकल बोर्डांवर जबाबदारी टाकणारा १९२३ चा कायदा झाला तरी त्याच्या अंमलाला पैशाची अडचण कायमच राहिली.

या सर्व कायद्यांचा आदर राखूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यांनी शाळेचा विचार केला, फीचा केला, सक्तीचा केला; शाळेपासून दूर असलेल्या मुलाच्या निवाऱ्याचा आणि भाकरीचा विचार त्यांत आला नाही. तो विचार प्रथम कृतीत आणला तो शाहू महाराजांनी. १९०१ सालापासून कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहण्यास साहाय्य केले, त्यांपैकीच एकात, जैन बोर्डिंगात, कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी राहत होता. भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेले नाही. परंतु वसतिगृह ही काय वस्तू आहे, तिच्यामुळे खेड्यातल्या मुलाच्या आयुष्यात कोणता पालट होऊ शकतो, याचे शिक्षण त्यांना तेथे पुरेपूर मिळाले. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या ओट्यावर बसावे लागते, त्याच्या पिकाची, कर्जाची आणि मुलाबाळांची चौकशी करावी लागते. आणि त्या चौकशीत ‘पोरगं हुशार होतं, पण चौथीनंतर घरी बसवलं’ या अर्थाचे उत्तर त्यांच्या कानी किती वेळा पडले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

दूधगाव येथील वसतिगृहाचा पूर्वानुभव गाठीशी घेऊन भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि संस्थेचे आरंभीचे कार्य म्हणजे वसतिगृह होते. आधी राहण्या-जेवण्याची सोय, मग वर्ग, या अनुक्रमातच संस्थेचे सारे तत्त्व आहे, असे मला वाटते. शाळा सरकारची असो, लोकल बोर्डाची असो, की दुसऱ्या एखाद्या सोसायटीची असो. तिच्या दारापर्यंत मुलाला आणून पोहोचविणे आणि तेथे टिकवून धरणे हे काम कोणीच करीत नव्हते, ते संस्थेने आपल्याकडे घेतले.

१९२४ साली संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्यास आले आणि त्याच वर्षी तेथे जे वसतिगृह सुरू झाले, त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण महात्मा गांधींच्या हस्ते २५ फेब्रुवारी १९२७ रोजी झाले. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहत, एकाच पंक्तीला बसत, आणि पाणी भरण्यापासून भाकरी भाजण्यापर्यंतची कामे पाळीपाळीने करीत. या सहभोजनाचे सामाजिक मोल सर्वांना ठाऊक आहे. येथे त्याच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. वर सांगितलेला ‘कोणाच्या पंक्तीला’ हा प्रश्न जोवर सुटत नव्हता, तोवर पाचवीची शाळा गावापासून चार कोसांवर असो की चाळीस, अस्पृश्य मुलाला ती सारखीच दूर होती. एका पंक्तीमुळे ते अंतर नाहीसे झाले. १९३२ साली, येरवड्याच्या करारानंतर, पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले तेही याच विचारातून.

एवढ्या मुलांना दोन वेळ जेवू घालणे म्हणजे काय, हे ज्यांनी वसतिगृहाचा कोठीघरातील हिशेब कधी पाहिला आहे त्यांनाच कळेल. सरकारी मदत तुटपुंजी, वर्गणीचा भरवसा नाही, आणि पोरे तर वाढत्या वयाची. भाऊरावांच्या पत्नी सौभाग्यवती लक्ष्मीबाई पाटील यांनी आपल्या अंगावरील दागिने एकेक करून मोडावयास दिले, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. ती सांगताना त्यागाचा गौरव होतो तो यथायोग्यच आहे, परंतु त्या माउलीने रोज पहाटे उठून स्वयंपाकघराचा जो गाडा ओढला, आजारी मुलांच्या उशाशी ज्या रात्री काढल्या, आणि भिन्न जातींच्या मुलांना आपल्या घरच्या मुलांप्रमाणे वागविण्यासाठी जन्मापासूनच्या सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांवर जी मात केली, तिचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेच्या आजच्या शाखाविस्ताराला त्यांच्या हातच्या भाकरीचा आधार आहे, आणि या स्मरणिकेत त्यांचे नाव संस्थापकांच्या शेजारी लिहिले जावे, मागाहून नव्हे, अशी प्रस्तुत लेखकाची नम्र विनंती आहे. घरोघरच्या जात्यावरून दळणापूर्वी मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढून ठेवण्याची, मुष्टिफंडाची पद्धतही खेड्यातील बायांच्या हातांवरच उभी होती. ज्या आईने आपला मुलगा बोर्डिंगात पाठविला नव्हता, तीही दुसऱ्याच्या मुलासाठी मूठ काढीत असे.

परंतु वसतिगृहात किती मुले मावणार? जिल्ह्यातील शेकडो वाड्यांतील मुलांना साताऱ्यास आणणे अशक्य होते, म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागला : शिक्षकालाच वाडीवर पाठविणे. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले; पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले, आणि १८८२ च्या निवेदनातील शेतकरी शिक्षकाची कल्पना आठवली म्हणजे ते नाव किती अन्वर्थक आहे हे ध्यानी येते. नाव ‘कॉलेज’ असले तरी येथे घडत होते ते खेड्यातील प्राथमिक शिक्षक. शेतीचे व श्रमाचे काम हा तेथील शिक्षणाचाच भाग होता.

या ठिकाणी थोडे थांबून दोन मार्गांचा परस्परसंबंध पाहिला पाहिजे. कारण तो फारसा कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. शिक्षक होण्यासाठी किमान सातवी उत्तीर्ण असावे लागे. सातवी उत्तीर्ण मुलगा डोंगरी भागात मिळत नसे, कारण तेथे पाचवी ते सातवीची शाळाच नव्हती. आणि तेथे शाळा निघत नसे, कारण त्या भागात राहावयास तयार असलेला शिक्षक मिळत नसे. शहरातून नेमलेला गुरुजी दिवाळीच्या सुट्टीला गेला की बदलीचा अर्ज करी. हे चक्र कोठून तरी तोडावयास हवे होते. बोर्डिंगाने डोंगरातील मुलाला सातवीपर्यंत नेले, ट्रेनिंग कॉलेजाने त्याला शिक्षक केले, आणि तोच मुलगा आपल्या खोऱ्यात, जेथली माणसे आणि बोली त्याच्या ओळखीची, तेथे खडू-फळा घेऊन परत गेला. त्याच्या शाळेतून चौथी झालेली मुले मग पुढे बोर्डिंगात येऊ लागली. एका पिढीने दुसऱ्या पिढीची वाट अशी करून दिली.

या शिक्षकांच्या बळावरच व्हॉलंटरी शाळांचा उपक्रम शक्य झाला. ज्या वाड्या-वस्त्यांवर स्कूल बोर्डाची शाळा नव्हती तेथे खाजगी प्रयत्नाने शाळा काढावी, गावाने जागा द्यावी, सरकारने ठराविक ग्रँट द्यावी, अशी ही योजना. संस्थेने अशा ५७८ शाळा चालविल्या. गावकऱ्यांनी कोठे देऊळ दिले, कोठे धर्मशाळा, कोठे पाटलाच्या वाड्याची ओसरी; आणि ग्रँट येण्यास विलंब झाला तर गुरुजींच्या शिध्याचा बंदोबस्तही पुष्कळ गावांनी आपापसांत वाटून घेतला. स्वातंत्र्यानंतर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारने व स्कूल बोर्डांनी उचलली तेव्हा या शाळा त्यांच्या स्वाधीन करण्यात आल्या. हातात असलेली शाखा सोडून देणे कोणत्याही संस्थेला सोपे नसते. संस्थेने ते केले, आणि मोकळी झालेली आपली शक्ती वरच्या इयत्तांकडे वळविली.

मुलींच्या बाबतीत मात्र हा इतिहास इतक्या समाधानाने लिहिता येत नाही. १९४२ साली साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झाले आणि खेड्यातील शाळांना स्त्री-शिक्षिका मिळण्याचा मार्ग उघडला, हे खरे. परंतु मुलाला परगावी बोर्डिंगात ठेवण्यास जो बाप तयार झाला, तो मुलीला ठेवण्यास तयार होण्यास आणखी एक पिढी जावी लागली. बोर्डिंग हे जे उत्तर मुलांसाठी सापडले होते ते मुलींसाठी पुरे पडले नाही. मुलीसाठी पाचवी-सहावीची शाळा तिच्या गावात, नाही तर शेजारच्या गावात, यावी लागली. आणि जेथे ती आली तेथे मुली आल्या. संस्थेच्या वाढीचा हा तिसरा टप्पा म्हणजे खेड्यात हायस्कूल नेणे, आणि त्याचे सर्वांत मोठे ऋण माझ्या मते मुलींवर आहे.

या टप्प्याचा आरंभ १९४० साली साताऱ्यातील महाराजा सयाजीराव हायस्कुलाने झाला. तेथे शिक्षण विनाशुल्क होते, निवासाची सोय होती, आणि विद्यार्थी शेतात व बांधकामावर श्रम करून आपल्या खर्चाचा भार उचलीत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना १९४७ साली स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात महाविद्यालयीन स्तरावरही चालू झाली. शाहू बोर्डिंगात लहानपणी वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परत आले, या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, एवढा एक दाखला महाविद्यालयांविषयी पुरे. कारण आपला विषय त्याच्या अलीकडचा आहे.

महात्माजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ खेड्यांतून १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास, १९४८ साली, भाऊरावांच्या एका भाषणावरून मतभेद होऊन सरकारी ग्रँट बंद झाली. संस्थेवरील हा मोठाच प्रसंग होता. शिक्षकांनी अपुऱ्या वेतनावर काम केले, गावांनी मदत गोळा केली, आणि संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे जाऊन रदबदली केली. ग्रँट पुन्हा सुरू झाली. १९५४ साली कराडला काढलेल्या कॉलेजाला भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे देहावसान झाले तेव्हा संस्थेच्या हायस्कुलांची संख्या शंभरावर गेलेली होती.

या हायस्कुलांचे महत्त्व मॅट्रिकच्या निकालावरून मोजले जाते. तथापि आपल्या राज्यात पाचवी ते सातवीचे वर्ग पुष्कळ ठिकाणी हायस्कुलांना जोडलेले असतात, आणि खेड्यातील हायस्कुलाचा खरा लाभ प्रथम या वर्गांना झाला. गावच्या मराठी शाळेतून चौथी करून निघालेली मुले शेजारच्या बाजारच्या गावी हायस्कुलाच्या पाचवीत येऊन बसली. त्यांतील किती मॅट्रिक झाली हा पुढचा प्रश्न. सातवीपर्यंत तरी ती शिकली, आणि ती रोज सायंकाळी घरी परत जाऊ शकली. शेतातले हातही पूर्णपणे गमावले गेले नाहीत, म्हणून घराची हरकत कमी झाली. खेड्यातील आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला कधीच पटलेले नाही. शाळा पायी जाण्याच्या टप्प्यात आली तेव्हा त्याच आईबापांनी मुले पाठविली.

पुढील काळाचा आढावा थोडक्यात घेतो. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचे व्यवस्थापन त्यांच्याकडे गेले. मुलींना शाळेत जाण्यासाठी एस. टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना आली. पाचवीपासून पुढच्या इयत्तांतील मुलींसाठी तिचा उपयोग एखाद्या नव्या शाळेइतकाच झाला आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा हक्क मान्य केला, आणि नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तीन किलोमीटर अंतराची मर्यादा घातली. एके काळी जो प्रश्न एका नांगर विकणाऱ्या माणसाने आपल्या डोक्यावर घेतला होता, तो आता राज्याचे कर्तव्य झाला.

तीन किलोमीटर हे अंतर सपाटीवर एक असते आणि जावळी-पाटणच्या चढावर दुसरे. धनगरवाड्यांतील मुलांना आजही पावसाळ्यात ओढा ओलांडून जावे लागते. वाड्या रिकाम्या होत आहेत, मुले कमी होत आहेत, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ पासून पुढे आला आहे. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक व अधिक साधने मिळतील, हे म्हणणे चुकीचे नाही. पण ज्या वाडीची शाळा उचलली जाईल तेथील मुलासाठी वाहनाची किंवा वसतिगृहाची सोय शाळा बंद होण्यापूर्वी झालेली असली पाहिजे, नंतर नव्हे. संस्थेजवळ वसतिगृहे चालविण्याचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. शाखांमध्ये पाचवी ते आठवीत दाखल होणारी मुले किती अंतरावरून, कोणत्या वाड्यांतून येतात, आणि कोणत्या वाड्यांतून कोणीच येत नाही, याची नोंद प्रत्येक मुख्याध्यापकाने दर जून महिन्यात करून ती साताऱ्याच्या कार्यालयाकडे पाठवावी, आणि ज्या खोऱ्यातून मुले येत नाहीत तेथे लहान वसतिगृहाची योजना त्याच वर्षी हाती घ्यावी, ही सूचना या लेखाच्या निमित्ताने संस्थेच्या कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे.